नुसते मांस आणि नुसते टोमणे

खाण्यावरून माणसाला जेवढे ऐकून घ्यावे लागते, तेवढे दारूवरूनसुद्धा लागत नाही, असे माझे तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमधले निरीक्षण आहे. दारू पिणाऱ्याला लोक पाठीमागे बोलतात. पण एखाद्याने भात सोडला, चहातली साखर सोडली किंवा लग्नाच्या पंगतीत जिलेबीला हात आडवा केला, की शेजारी बसलेला माणूस तोंडावर बोलतो. "एवढ्याने काय होतंय?" हा आपल्याकडचा राष्ट्रीय प्रश्न आहे!

अलीकडे या बोलणी खाणाऱ्यांत एका नव्या मंडळींची भर पडली आहे. ही मंडळी केवळ मांसाहार करतात. भाकरी नाही, भात नाही, डाळ नाही, भाजी नाही, फळ नाही. मटण, कोंबडी, मासे, अंडी, तूप, मीठ आणि पाणी. अमेरिकेत या प्रकाराला 'कार्निव्होर डाएट' म्हणतात आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून तो आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला आहे. गेल्या दोन वर्षांत माझ्या दवाखान्यात असे चार जण आले.

वाचकांना वाटेल, मटण खाणाऱ्याला आपल्याकडे कोण बोलणार? रविवारी सकाळी खाटकाच्या दुकानापुढची रांग पाहावी! पण रविवारचे मटण वेगळे आणि सोमवारचे वेगळे. आपल्याकडे मांसाहारी घरातसुद्धा वार पाळतात, श्रावण पाळतात, मटणाचे भांडे निराळे ठेवतात. आणि मटण म्हणजे तरी काय? चार तुकडे, वाटीभर रस्सा आणि सोबत तीन भाकऱ्या. त्या भाकऱ्या काढून घेतल्या की मटण खाणाऱ्या घरालाही ते जेवण ओळखीचे वाटत नाही.

या चौघांपैकी एकाची हकीकत सांगतो. त्यांच्या परवानगीने सांगतो आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय ४७. मोटार रिवायंडिंगचे वर्कशॉप. मधुमेह सहा वर्षांपासून, वजन ९४ किलो, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ९.१. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या चालू. पथ्य सांगून मी दमलो होतो आणि ऐकून ते दमले होते.

दिवाळीनंतर त्यांनी कोणालाही न विचारता धान्य बंद केले. पहिल्या महिन्यात पाच किलो वजन उतरले. भूक कमी झाली, रात्रीचे लघवीला उठणे थांबले. माणूस खूश होता. घर मात्र खूश नव्हते. पत्नीला एका चुलीवर दोन स्वयंपाक करावे लागत. मटणाचा भाव किलोला सातशे-आठशेच्या घरात, तेव्हा महिन्याचा हिशेब कोलमडला. आई माळकरी, दर आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या. त्यांनी मुलाच्या पंगतीला बसणे बंद केले. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमची रोजचीच गटारी!" वर्कशॉपसमोरचे दुकानदार त्यांना 'वाघोबा' म्हणू लागले. पुतणीच्या लग्नात त्यांनी डब्यातून उकडलेली अंडी काढली, तर यजमानांना तो अपमान वाटला आणि ते प्रकरण दोन महिने पुरले. मोठ्या शहरातल्या एका तज्ज्ञांकडे ते स्वतःहून गेले, तर 'काय खाता?' याचे उत्तर ऐकताच त्यांनी, "मरायचं असेल तर माझ्याकडे कशाला आलात?" असे म्हणून फाईल बंद केली.

गंमत अशी की टोमणे मारणाऱ्यांपैकी निम्मे माझेच रुग्ण आहेत. त्यांच्यापैकी एकाची उपाशीपोटीची साखर त्याच महिन्यात २८० होती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी मधुमेही असल्याचा अंदाज आला. त्याच पाहणीच्या २०२५ सालच्या अहवालाप्रमाणे आपल्या जेवणातले सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात. म्हणजे भाकरी-भात-साखरेच्या ताटावर बसून दुसऱ्याच्या ताटाला नावे ठेवताना जरा जपून बोलावे, अशी आपली अवस्था आहे.

इतके ऐकून घेतल्यावर माणूस काय करतो? खाणे सोडतो का? नाही. सांगणे सोडतो. आमच्या या गृहस्थांनी घरी जाहीर केले की आता सगळे बंद, पूर्वीसारखे जेवतो. घरी अर्धी भाकरी ताटात घेऊन ती मुलाच्या ताटात सरकवू लागले आणि वर्कशॉपच्या मागच्या खोलीत गॅसची शेगडी आणून दुपारी तिथे मटण शिजवू लागले. माझ्याकडे गोळ्या लिहून घ्यायला आले तेव्हा "काय जेवता?" या प्रश्नाला "नेहमीचंच, डॉक्टर," असे उत्तर मिळाले. त्या शहरातल्या तज्ज्ञांचा अनुभव ताजा होता ना!

जानेवारीत एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ते वर्कशॉपमध्ये घाम फुटून खाली बसले. बोलणे अडखळू लागले. कामगार पोराने प्रसंगावधान राखून साखरेचा चहा पुढे केला, तर हे त्या अवस्थेतही मान फिरवून म्हणतात, "साखर नको!" रिक्षात घालून आणले तेव्हा त्यांची साखर ४८ होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांत शुद्धीवर आले आणि मग सगळी हकीकत बाहेर पडली.

यात मांसाचा दोष नव्हता आणि एकट्या गोळीचाही नव्हता. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, समोर भाकरी असो वा नसो. धान्य बंद केलेल्या माणसाने तिचा जुनाच डोस चालू ठेवला तर साखर खाली घसरणारच. इन्सुलिनच्या इंजेक्शनचेही तेच. आहार बदलला त्याच दिवशी या औषधांचा विचार व्हावा लागतो. आणि तो कोणी करायचा? ज्याला आहार बदलल्याचे सांगितले आहे त्याने. ज्या माणसाला चहूकडून बोलणी बसतात तो लपून खातो आणि लपून खाणाऱ्याच्या गोळ्यांचा मेळ कोणी घालू शकत नाही.

त्या दिवशी त्यांना घटकाभर बसवून मी एक जुनी गोष्ट सांगितली.

उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ मुलुखात हिंडलेला विल्यालमुर स्टेफान्सन नावाचा एक संशोधक होता. जन्म १८७९ चा, कॅनडातला. आपल्या शाळेच्या पुस्तकात ज्यांना एस्किमो म्हटले होते, त्या इन्युइट लोकांत तो कित्येक हिवाळे राहिला आणि त्यांच्यासारखाच मासे आणि मांस खाऊन जगला. एकूण पाच वर्षांहून अधिक काळ आपण असे काढले, असा त्याचा दावा होता. परत येऊन त्याने हे सांगितले तेव्हा त्याच्यावर टीकेची झोड उठली. मूत्रपिंडे सडतील, रक्तदाब वाढेल, भाजी-फळांवाचून हिरड्यांतून रक्त येऊन स्कर्व्हीने मरशील, असे जाणकारांचे म्हणणे. स्टेफान्सनने वाद घातलाच, पण आणखी एक गोष्ट केली. १९२८ साली तो आणि त्याचा मोहिमेतला सोबती कार्स्टन अँडरसन न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात दाखल झाले आणि 'वर्षभर फक्त मांस खातो, तुम्ही मोजा' असे त्यांनी डॉक्टरांना सांगितले. पहिले काही आठवडे पहाऱ्यात, तोंडात जाणारा घास न् घास मोजून, आणि मग बाहेर राहून वरचेवर तपासणी. (खर्चाला पैसे अमेरिकेतल्या मांस-व्यावसायिकांच्या संस्थेने दिले होते, हेही ध्यानात ठेवायला हवे.)

निष्कर्ष १९३० साली डॉ. मॅक्लेलन आणि डॉ. द्युबॉइस यांनी प्रसिद्ध केले. दोघांनाही स्कर्व्ही झाला नाही, रक्तदाब वाढला नाही, मूत्रपिंडाला इजा झाल्याचे आढळले नाही. टीकाकार गप्प झाले, असे आजच्या चित्रफितींत सांगतात. पण त्या वर्षातली पुढची गोष्ट तिथे फारशी ऐकू येत नाही. सुरुवातीला डॉक्टरांनी स्टेफान्सनला चरबी काढून टाकलेले नुसते तांबडे मांस दिले, तर दोन-तीन दिवसांत त्याला मळमळ आणि जुलाब सुरू झाले. चरबी मिळाल्यावर ते थांबले. त्यांच्या खाण्यात एकूण उष्मांकांपैकी पाऊण हिश्श्याहून अधिक चरबीतून येत होते. नुसती प्रथिने यकृताला एका मर्यादेपलीकडे हाताळता येत नाहीत. उत्तरेकडचे शिकारी ही गोष्ट फार आधीपासून जाणत. कडक हिवाळ्यात केवळ सशाचे बिनचरबीचे मांस खाऊन माणसे पोट भरलेले असतानाच खंगत जात.

म्हणजे नुसत्या मांसावर माणूस वर्षभर जगू शकतो, हे खरे. पण ते दोन माणसांवरून, तेही धडधाकट आणि मधुमेह नसलेल्या, आणि एका वर्षापुरते. स्टेफान्सन पुढे मिश्र आहाराकडे वळला, उतारवयात पुन्हा मांसाकडे गेला आणि १९६२ साली ८२ व्या वर्षी वारला. यावरून वीस वर्षांचा हिशेब निघत नाही.

आणि इन्युइटांचे पातेले वेगळे, आपले वेगळे. ते सील, देवमासा, मासे खात. त्या चरबीत ओमेगा-३ प्रकारची स्निग्धाम्ले भरपूर असतात. काही भाग ते कच्चे किंवा अर्धेकच्चे खात, देवमाशाची कातडी तर कच्चीच, आणि तिच्यात जीवनसत्त्व 'क' चांगल्यापैकी असते. शिवाय ग्रीनलँडच्या इन्युइटांच्या जनुकांत अशा चरबीच्या आहाराशी जुळवून घेणारे बदल आढळल्याचे २०१५ साली शास्त्रज्ञांनी दाखवले. हजारो वर्षांत घडलेली ती गोष्ट. आपण बोकडाचे मटण कुकरला पाच शिट्ट्या देऊन शिजवतो. मांसात मुळात थोडेच असलेले 'क' जीवनसत्त्व त्यात किती उरणार? बोकडाच्या चरबीत ओमेगा-३ नगण्य आणि संपृक्त स्निग्धांश मुबलक.

"मग निदान लिंबू तरी पिळा," मी म्हणालो.

"नियमात बसत नाही, डॉक्टर."

"नियम कुणाचे? ज्याने ते केले त्याने आपल्या बाजारातलं लिंबू पाहिलंय का?"

हसले, पण पटले नाही.

त्यांच्या रक्ताचे अहवाल आले ते असे. एचबीएवनसी ६.४. वजन ८३. ट्रायग्लिसराइड २६० वरून १३०. इथपर्यंत मी त्यांचे मोकळ्या मनाने अभिनंदन केले. जे मला सहा वर्षांत जमले नव्हते ते त्यांनी तीन महिन्यांत केले होते आणि ते नाकारण्यात काय अर्थ? पण एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारे कोलेस्टेरॉल, १२४ वरून १९८ वर गेले होते. युरिक ॲसिड ८.१. शौचाला चार-चार दिवस होत नव्हते. क्रिएटिनिन ठीक होते.

एलडीएलवर आमचे बराच वेळ वाजले. ट्रायग्लिसराइड कमी असले की एलडीएल कितीही असो, काही होत नाही, असे त्यांनी ऐकले होते. हे मला मान्य नाही. काही कुटुंबांत जन्मापासूनच एलडीएल फार जास्त असते. त्यांतल्या माणसांना ऐन तारुण्यात हृदयविकाराचे झटके येतात. ते कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनी झटक्यांचे प्रमाण घटते, हे मोठमोठ्या चाचण्यांत सिद्ध झाले आहे. दोन वेगळ्या वाटांनी एकाच गावाला पोहोचल्यावर ते गाव नाहीच म्हणणे बरे नव्हे. २०२१ साली अमेरिकेत केवळ मांसाहार करणाऱ्या २०२९ लोकांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. बहुतेकांनी तब्येत सुधारली असे सांगितले, पण ती त्यांनी स्वतः सांगितलेली माहिती होती, ज्यांना हा आहार सोसला नाही ते पाहणीत आले नसणार, आणि ज्यांनी अहवाल कळवले त्यांचे एलडीएल मध्यावर १७२ होते. यापलीकडे दीर्घ मुदतीचा पुरावा बाजूने नाही.

"सगळ्यांसारखं तुम्हीही घाबरवताय," असे म्हणून ते गेले. त्यांच्या दृष्टीने मेहुणा, वाघोबा म्हणणारे दुकानदार, माळकरी आई आणि मी, सगळे एकाच रांगेत उभे होतो. फार टीका झालेल्या माणसाचे असेच होते. त्याला सगळे आवाज सारखेच ऐकू येतात.

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या आई गुडघे दाखवायला आल्या. गुडघ्यांचे झाले. उठता उठता पुन्हा बसल्या. मुलाचा विषय निघणार हे मी ओळखले आणि धर्माचे काही ऐकावे लागेल अशी मनाची तयारी केली.

"माळ माझ्या गळ्यात हाय, त्येच्या न्हाई," त्या म्हणाल्या. "त्येनं खावं. त्येचा बाप बी खायचा. पर बाप बावन्नाव्या वर्षी उसात पाणी पाजता पाजता गेला. छातीत कळ आली म्हणला, बांधावर बसला, त्यो उठलाच न्हाई. ह्येचं बी तसंच व्हायचं, म्हणून जीव लागत न्हाई मला."

मी केसपेपर काढला. वडिलांविषयी पूर्वी विचारले होते तेव्हा चिरंजीवांनी 'पोटात दुखून गेले' असे सांगितले होते. तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि शिकायला मामाकडे होते. कोणीतरी तसे सांगितले, तेच ते धरून बसले.

वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झालेला असणे, ही आम्हा डॉक्टरांच्या दृष्टीने फार मोठी खूण आहे. त्यातून भारतीय माणसाला हा आजार पाश्चात्त्यांपेक्षा लवकर गाठतो. वर मधुमेह, वर एलडीएल १९८. त्या घरातल्या सगळ्या टोमण्यांत सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय माहिती आईकडे होती आणि ती 'पंगतीला बसत नाही' एवढ्यातच अडकून पडली होती. मुलाला वाटे, आईचा आक्षेप वशटाला आहे. आईला वाटे, मुलगा आपले ऐकणार नाही. तीन महिने दोघे एका घरात राहून यावर एक वाक्य बोलले नव्हते.

दोघांना एकत्र बोलावले. फार काही बोलावे लागले नाही. आईंनी तेच पुन्हा सांगितले, एवढेच. चिरंजीव बराच वेळ टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होते. मग म्हणाले, "हे मला कुणी सांगितलं नाही."

त्यानंतरचे थोडक्यात. ग्लिमेपिराइड बंद केली होतीच. शहरातल्या दुसऱ्या एका फिजिशियनकडून ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घेतली, दोन्ही ठीक निघाल्या. स्टॅटिन सुरू केली. मटण आठवड्यातून एकदा, एरवी कोंबडी, अंडी आणि बांगड्यासारखे मासे. चरबी बाजूला. मेथी, पालक, दोडका, काकडी, दही आणि लिंबू यांना प्रवेश मिळाला. भाकरी-भाताला अजून नाही, आणि त्यासाठी मीही हट्ट धरला नाही. तीन महिन्यांनी एलडीएल ९८ आले, एचबीएवनसी ६.६, वजन किलोभर वाढले. आई अजूनही त्या पंगतीला बसत नाहीत, पण मेथीची भाजी त्याच करतात. मेहुण्याचे चालूच आहे.

ज्यांना हा प्रयोग करायचाच आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी. मूत्रपिंडाचा विकार, गाऊटचा त्रास किंवा पूर्वी हृदयविकार झाला असेल त्यांनी, तसेच गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी या वाटेला जाऊ नये. वरचेवर कलेजी खाणाऱ्या गरोदर स्त्रियांना तर वेगळेच सांगायला हवे, तिच्यातले 'अ' जीवनसत्त्व फाजील झाल्यास गर्भाला अपाय होऊ शकतो. सलामी, सॉसेज, पाकिटातले तयार मांस यांना 'मांसाहार' समजू नये. अशा प्रक्रिया केलेल्या मांसाने मोठ्या आतड्याचा कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ साली दिला आहे, आणि साध्या तांबड्या मांसालाही संशयितांच्या यादीत ठेवले आहे.

मधुमेह्यांनी आपल्या गोळ्यांची नावे पाहावीत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नावांच्या गोळ्या चालू असताना धान्य पूर्ण बंद केले, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन आम्ले साचून जीव धोक्यात येऊ शकतो. डापाग्लिफ्लोझिन २०२० नंतर स्वस्त झाल्याने आता खेड्यापाड्यांतही पोहोचली आहे. उलट्या, पोटदुखी, धाप ही लक्षणे दिसली तर ग्लुकोमीटरवरचा आकडा बरा आहे म्हणून घरी थांबू नये.

आहार बदलण्याआधी एकदा, सहा आठवड्यांनी दुसऱ्यांदा आणि तीन महिन्यांनी तिसऱ्यांदा लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड आणि लघवी तपासून घ्यावी. एचबीएवनसी पहिल्या आणि तिसऱ्या वेळी पुरे. येताना सर्व गोळ्यांची पाकिटे बरोबर आणावीत आणि शक्य असेल तर घरातल्या मोठ्या माणसालाही.